चषक आणि खतावणी

इथिओपिया म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे दोन चित्रे येतात. एक १९८४-८५च्या दुष्काळाचे. हाडांची कातडी झालेली मुले आणि त्यांच्या तोंडावर बसलेल्या माश्या. दुसरे १९६० साली रोमच्या रस्त्यावरून अनवाणी धावत ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकणाऱ्या अबेबे बिकिलाचे. त्याहून जुने काही आठवायचे तर आपल्या इतिहासातला 'हबशी' हा शब्द आठवतो आणि त्याच्या पाठोपाठ मलिक अंबर. अ‍ॅबिसीनियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. आपली या देशाशी ओळख एवढीच.

यात एक चित्र आणखी असायला हवे. तारीख २१ जानेवारी १९६२, ठिकाण राजधानी अदिस अबाबाचे स्टेडियम. सम्राट हैले सेलासी स्वहस्ते एक चषक देत आहेत आणि तो घेणारा कर्णधार आहे लुचिआनो व्हासालो, इटालियन बाप आणि एरिट्रियन आई यांचा मुलगा. फुटबॉलच्या आफ्रिकी राष्ट्रचषक स्पर्धेतले इथिओपियाचे हे पहिले आणि आजपर्यंतचे एकमेव अजिंक्यपद. त्यानंतर साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत हा संघ एकदाही पोचलेला नाही आणि आफ्रिकेच्या स्पर्धेतही तो कधीतरी चुकून दिसतो.

ही घसरण सांगताना क्रीडासमीक्षक हटकून एक वाक्य वापरतात. ते म्हणतात, इथिओपिया हा धावपटूंचा देश, फुटबॉल त्यांच्या रक्तातच नाही. रक्ताच्या गोष्टी सांगणाऱ्यांवर माझा पूर्वीपासूनच विश्वास नाही. उभी नोकरी बँकेत गेल्यामुळे असेल, पण एखादी संस्था बुडाली की मी आधी तिच्या वह्या मागतो. या संघाच्या वह्या चाळल्या तर असे दिसते की त्याचे मोठेपण जितके मैदानावर घडले तितकेच टेबलाशी घडले, आणि त्याला उतरती कळाही टेबलाशीच लागली.

वहीचे पहिले पान १९३५ सालचे आहे. त्या वर्षाच्या अखेरीस अदिस अबाबामध्ये सेंट जॉर्ज नावाचा क्लब निघाला. तेव्हा मुसोलिनीच्या फौजा उत्तरेकडून देशात शिरल्याच होत्या. १९३६च्या मे महिन्यात राजधानी पडली. पुढची पाच वर्षे इटलीचा अंमल होता आणि त्या अंमलात गोऱ्याकाळ्यांची पंगत सर्वत्र वेगळी होती, खेळातसुद्धा. त्यामुळे या क्लबला स्थानिक लोकांच्या मनात केवळ क्लबाहून अधिक जागा मिळाली. आपल्याकडे स्वातंत्र्यापूर्वी काही तालमींना आणि गणेशोत्सवाच्या मेळ्यांना मिळाली होती तशी.

या क्लबातून जो माणूस पुढे आला त्याचे नाव यिद्नेकाचेव टेसेमा. इथिओपियात आडनाव नसते. स्वतःचे नाव आणि पुढे वडिलांचे, एवढेच. आपण मराठी माणसांनी आडनाव गाळून नाव सांगावे तसे. म्हणजे 'टेसेमा' हे खरे तर वडिलांचे नाव, आणि ते वडीलही साधे नव्हते. टेसेमा एशेते हे अम्हारिक भाषेतले कवी आणि गायक. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच जर्मनीत जाऊन त्यांनी आपली गाणी ध्वनिमुद्रित केली होती. असल्या घरातला हा मुलगा सेंट जॉर्जचा आघाडीचा खेळाडू झाला, राष्ट्रीय संघातून खेळला, पुढे प्रशिक्षक झाला आणि शेवटी प्रशासक. जगाला तो आठवतो तो प्रशासक म्हणूनच. १९४३ साली इथिओपियाचा फुटबॉल महासंघ स्थापन झाला, १९४७ साली राष्ट्रीय संघाने फ्रेंच सोमालीलँडला, म्हणजे आजच्या जिबूतीला, पाच गोलांनी हरवले. पन्नाशीच्या दशकात हा महासंघ फिफाचा सभासद झाला.

तेव्हाच्या आफ्रिकेचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. जवळजवळ सगळा खंड इंग्रज, फ्रेंच, पोर्तुगीज आणि बेल्जियन यांच्या खिशात. स्वतःच्या नावाने संघ उतरवू शकतील असे देश बोटांवर मोजण्याइतके. १९५६ साली फिफाच्या अधिवेशनासाठी लिस्बनला जमलेल्या इजिप्त, सुदान, इथिओपिया आणि दक्षिण आफ्रिका या चौघांनी आफ्रिकेचा स्वतंत्र महासंघ काढायचे ठरवले, आणि १९५७च्या फेब्रुवारीत खार्टूमला तो निघालाही. लगोलग तिथेच पहिली स्पर्धा ठरली. चार संस्थापक, चार संघ, दोन उपान्त्य सामने आणि एक अंतिम. हिशेब सरळ होता. पण दक्षिण आफ्रिका म्हणाली, आम्ही एक तर सगळे गोरे खेळाडू पाठवू, नाही तर सगळे काळे. मिश्र संघ पाठवणार नाही. बाकीच्या तिघांनी त्यांना घरी बसवले.

हा निर्णय ज्या साली झाला ते साल पाहावे. दक्षिण आफ्रिकेला ऑलिंपिकची दारे बंद झाली ती १९६४ साली. फिफाने त्यांना प्रथम निलंबित केले १९६१ साली, पुढे ते निलंबन उठवले, पुन्हा लादले आणि कायमचे बाहेर काढायला १९७६ साल उजाडले. ज्यांच्याजवळ धड मैदाने नव्हती अशा तीन देशांनी हे काम १९५७ सालीच केले होते. इथिओपियाची उपान्त्य लढत दक्षिण आफ्रिकेशीच होती, त्यामुळे आमचे हबशी मित्र न खेळताच अंतिम सामन्यात गेले आणि तिथे इजिप्तच्या अद-दिबा नावाच्या एकट्या गड्याने त्यांच्यावर चार गोल चढवले. एकही गोल न करता उपविजेते! १९५९ साली कैरोत पुन्हा तेच तीन संघ, आणि पुन्हा इजिप्तकडून चार गोल.

म्हणून १९६२चा अंतिम सामना थोडा तपशिलात सांगायला हवा. स्पर्धा चारच संघांची होती आणि यजमान म्हणून इथिओपियाला पात्रता फेरी खेळावी लागली नाही, हे खरे. दोन सामने जिंकले की चषक, असा टोमणा आजही मारला जातो. पण उपान्त्य सामन्यात ट्युनिशियाला ४-२ असे नमवल्यावर समोर उभा होता तो आधीच्या दोन्ही स्पर्धा जिंकलेला इजिप्त. तेव्हा संयुक्त अरब प्रजासत्ताक या नावाने खेळणारा. पस्तिसाव्या मिनिटाला बदावीने गोल केला. इथिओपियाच्या टेक्लेने चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला बरोबरी साधली आणि लोकांच्या टाळ्या थांबायच्या आत, पंचाहत्तराव्या मिनिटाला, बदावीने दुसरा गोल केला. वेळ संपायला सहा मिनिटे उरली असताना कर्णधार लुचिआनोने पुन्हा बरोबरी केली. जादा वेळेत त्याचा धाकटा भाऊ इटालो याने आघाडी मिळवून दिली आणि खेळ संपायला तीन मिनिटे असताना मेंगिस्तू वर्कूने चौथा गोल मारला. ४-२. अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून साडेसात हजार फुटांहून उंच आहे, तेव्हा जादा वेळेत पाहुण्यांना धाप लागली असणार, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण दोनदा मागे पडून दोनदा उठायला नुसती उंची पुरत नाही. त्या संघाचे प्रशिक्षक होते टेसेमा.

(योगायोग असा की आपल्याही फुटबॉलचे सोन्याचे साल तेच. १९६२च्या सप्टेंबरात जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत चुनी गोस्वामींच्या संघाने दक्षिण कोरियाला हरवून सुवर्णपदक आणले. तेही त्यानंतर पुन्हा आले नाही. असो.)

आता त्या कर्णधाराविषयी. लुचिआनो जन्मला १९३५ साली अस्माराला, तेव्हाच्या इटालियन वसाहतीत. पुढे फॅसिस्ट सरकारने कायदे करून इटालियन पुरुष आणि स्थानिक स्त्री यांचा संसार हा गुन्हा ठरवला आणि १९४०च्या कायद्याने अशा मुलांना बापाने आपले म्हणण्यावरही बंदी घातली. इटालियनांना ही मुले काळी वाटत आणि स्थानिकांना ती शत्रूची. दोन्हीकडचे टोमणे आपण ऐकले, असे लुचिआनोने म्हातारपणी स्वतःच सांगितले आहे. असा मुलगा दिरे दावाच्या कापडगिरणीच्या संघातून खेळत राष्ट्रीय संघाचा कर्णधार झाला, हे मला त्या चषकाइतकेच मोलाचे वाटते. ज्या सम्राटाला इटलीने परागंदा केले त्याच्याच हातून एका इटालियन सैनिकाच्या मुलाने देशाच्या वतीने चषक घेतला. कादंबरीत मी असा प्रसंग घातला असता तर संपादकाने 'फार जुळवून आणलेला' म्हणून कापला असता.

पण हेही पाहावे लागते की जानेवारीत हा चषक आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सम्राटाने एरिट्रियाची उरलीसुरली स्वायत्तता काढून घेऊन तो आपल्या राज्याचा एक प्रांत करून टाकला. एरिट्रियातले बंड आदल्याच वर्षी सुरू झाले होते. ते युद्ध तीस वर्षे चालले. अस्माराच्या मातीत वाढलेली मुले संघाचा कणा होती आणि त्यांच्याच गावांवर पुढे सरकारची विमाने बॉम्ब टाकू लागली. १९७४ साली सम्राट पदच्युत झाला, 'दर्ग' नावाची लष्करी समिती सत्तेवर आली आणि मेंगिस्तू हैले मरियम या हुकूमशहाने देशात लाल दहशत माजवली. (गोल करणारा मेंगिस्तू वेगळा. तो बिचारा आयुष्यभर सेंट जॉर्ज आणि राष्ट्रीय संघ यांच्यातच रमला, पुढे प्रशिक्षकही झाला.) लुचिआनो देश सोडून इटलीला गेला, तिथे मुलांना फुटबॉल शिकवत राहिला आणि २०२२ साली तिथेच वारला. १९९३ साली एरिट्रिया स्वतंत्र राष्ट्र झाले. मग १९६२चा कर्णधार नेमका कोणाचा? इथिओपियाने त्याला परका होऊ दिले आणि एरिट्रियाच्या स्वतंत्र संघाला त्याचा चषक आपला म्हणता येत नाही. देशाची सीमा बदलली की खातेदाराचे काय होते, याचे उत्तर कुठल्याच खतावणीत सापडत नाही.

टेसेमा मात्र सगळ्या राजवटींत टिकले. सम्राटाच्या काळात होते, दर्गच्या काळातही होते. यावरून त्यांच्याविषयी तिरकस बोलता येईल. पण त्यांनी केलेले काम पाहिले की माझी तरी जीभ आवरते. १९६६चा विश्वचषक इंग्लंडमध्ये व्हायचा होता. सोळा जागांची वाटणी फिफाने केली ती अशी: युरोपला यजमानांसह दहा, दक्षिण अमेरिकेला चार, उत्तर व मध्य अमेरिकेला एक आणि आफ्रिका, आशिया, ओशियाना या सगळ्यांना मिळून एक. म्हणजे आफ्रिकेच्या विजेत्याने आशियाच्या विजेत्याशी झगडून ती एक जागा मिळवायची. एव्हाना खंडात स्वतंत्र देशांची रीघ लागली होती. घानाचे ओहेने ज्यान आणि इथिओपियाचे टेसेमा यांनी पत्रे लिहिली, तारा केल्या, आकडे मांडले. फिफाने दाद दिली नाही, तेव्हा १९६४ साली आफ्रिकेच्या संघांनी पात्रता फेरीवर सामुदायिक बहिष्कार घातला. फिफाने वर दंड ठोकला. ती जागा शेवटी उत्तर कोरियाला मिळाली आणि त्यांनी इटलीला हरवून जगाला तोंडात बोट घालायला लावले. त्या गंमतीत मागचा बहिष्कार लोक विसरले. पण १९७० सालापासून आफ्रिकेला स्वतःची एक जागा मिळाली. १९८२ साली दोन झाल्या, १९९८ साली पाच आणि २०२६च्या विश्वचषकासाठी थेट नऊ.

या नवांमध्ये इथिओपिया नाही. आधीच्या एकाही यादीत नव्हता. ज्या देशाच्या माणसाने दार ठोठावून ठोठावून उघडले त्याच देशाला आत जायला जमले नाही. टेसेमा १९७२ ते १९८७, म्हणजे मरेपर्यंत, आफ्रिकी महासंघाचे अध्यक्ष होते. त्या काळात स्पर्धा वाढली, नवे देश आले, पश्चिम आफ्रिकेचे दणकट संघ आले, आणि संस्थापकांची पीछेहाट होत गेली. १९६३ साली चौथा क्रमांक. १९६८ साली स्वतःच्या घरी, अदिस अबाबा आणि अस्मारात, साखळीतले तिन्ही सामने जिंकून पुन्हा चौथा. १९७६ साली पुन्हा यजमानपद, पण दर्गच्या सावटाखाली, आणि पहिल्याच फेरीत गच्छंती. १९८२ साली लिबियात तीन सामन्यांत एकही गोल नाही. त्यानंतर एकतीस वर्षे काहीच नाही.

आता कोणी म्हणेल, स्पर्धा वाढली की जुने मागे पडणारच. यात टेबलाचा संबंध काय? संबंध आहे. या एकतीस वर्षांतही खेळाडू होतेच. पूर्व आणि मध्य आफ्रिकेच्या विभागीय स्पर्धेत हाच संघ १९८७, २००१, २००४ आणि २००५ साली विजेता ठरला. पाय शाबूत होते. पण २००८ साली महासंघातल्या खुर्च्यांचे भांडण इतके विकोपाला गेले की फिफाने इथिओपियाला निलंबित केले आणि २०१०च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीतूनच बाहेर काढले. तो विश्वचषक आफ्रिकेच्या भूमीवर होणारा पहिला. आपल्याकडच्या सहकारी संस्थांची सर्वसाधारण सभा ज्याने पाहिली आहे त्याला हे भांडण समजावून सांगायची गरज नाही.

याहून बोलके उदाहरण २०१३चे. त्याच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरात सुदानकडून खार्टूमला ५-३ असा मार खाऊन आलेल्या संघाने अदिस अबाबात २-० असा विजय मिळवला आणि परक्या मैदानावरच्या जास्त गोलांच्या जोरावर आफ्रिकी स्पर्धेत पुनरागमन केले. प्रशिक्षक सेउनेत बिशॉ हे घरचेच. दक्षिण आफ्रिकेतल्या त्या स्पर्धेत गतविजेत्या झांबियाशी दहा खेळाडूंनिशी बरोबरी साधली, पुढचे दोन सामने गमावले. तरीही लोक आनंदात होते, कारण विश्वचषकाच्या पात्रता फेरीत संघ गटात आघाडीवर होता. ८ जूनला बोट्स्वानाला त्यांच्याच मैदानावर हरवले. १६ जूनला अदिस अबाबात दक्षिण आफ्रिकेला २-१ असे हरवले आणि शहर रस्त्यावर उतरले. त्याच दिवशी फिफाने कळवले की बोट्स्वानाविरुद्ध खेळलेला मिन्याहिल तेशोमे हा खेळाडू दोन पिवळी कार्डे मिळाल्यामुळे त्या सामन्यासाठी अपात्र होता; चौकशी होईल. चौकशी झाली, तीन गुण गेले.

त्या खेळाडूला पिवळी कार्डे आधीच्या दोन वेगवेगळ्या सामन्यांत मिळाली होती. कोणीतरी एका वहीत दोन ओळी लिहायच्या होत्या आणि सामन्याच्या आधी ते पान उघडायचे होते. बँकेत संध्याकाळी रोख जुळली नाही तर रात्री दहापर्यंत कोणी घरी जात नसे. सत्तर पैशांसाठी आम्ही वह्या उलटसुलट केल्या आहेत. लोक हसत. पण ज्या देशाच्या एका माणसाने पत्रे आणि तारा यांच्या बळावर फिफाला नमवले, त्याच देशाच्या कचेरीत पन्नास वर्षांनी दोन पिवळ्या कार्डांची नोंद कोणाच्या ध्यानात नव्हती, याचे मला हसू येत नाही. टेसेमांच्या पाठीमागे एक माणूस होता, कचेरी नव्हती, असाच याचा अर्थ मला दिसतो. माणूस गेला आणि टेबल रिकामे झाले. त्यांच्या कर्तबगारीचे गोडवे गाताना हे दुखणे झाकले जाते.

तरी त्या मुलांनी पुढचा सामना जिंकून शेवटच्या दहांत धडक मारली. तिथे नायजेरियाने अदिस अबाबात २-१ आणि कालाबारला २-० असे हरवले. विश्वचषकाच्या इतक्या जवळ हा संघ त्याआधी कधी गेला नव्हता आणि नंतरही गेलेला नाही.

पुढच्या नोंदी थोडक्यात. २०२० साली तिग्राईमध्ये यादवी पेटली. ती चालू असतानाच २०२२च्या जानेवारीत संघ कॅमेरूनला आफ्रिकी स्पर्धा खेळून आला, एक बरोबरी आणि दोन पराभव घेऊन. त्याआधीच, २०२१ साली, देशातले एकही मैदान आंतरराष्ट्रीय सामन्याच्या लायकीचे नाही असे आफ्रिकी महासंघाने ठरवले होते. ज्या महासंघाच्या स्थापनेच्या कागदावर इथिओपियाची सही आहे त्याच महासंघाचा हा शेरा. खेळपट्टी, दिवे, खेळाडूंच्या खोल्या, स्वच्छतागृहे असल्या गोष्टींची ती यादी असते. ती पुरी करायला प्रतिभा लागत नाही, ठेकेदाराचे बिल वेळेवर तपासून काम करून घेणारा अधिकारी लागतो. तेव्हापासून घरचे सामने खेळायला हा संघ कधी मलावीत, कधी मोरोक्कोत हिंडू लागला. आफ्रिकेतल्या सर्वांत मोठ्या लोकसंख्येच्या देशांत नायजेरियाच्या खालोखाल इथिओपियाचे नाव येते, आणि त्यांचा राष्ट्रीय संघ बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरला.

९ जून २०२२ रोजी असाच एक घरचा सामना मलावीतल्या लिलाँग्वे शहरी झाला. प्रतिस्पर्धी होता इजिप्त, तोच जुना इजिप्त. इथिओपियाने तो २-० असा जिंकला. दावा होतेसा आणि शिमेलिस बेकेले यांनी गोल केले. १९६२च्या अंतिम सामन्याला त्या वर्षी साठ वर्षे झाली होती. अदिस अबाबात तो सामना झाला असता तर काय गर्दी उसळली असती, याची कल्पना करावी. लिलाँग्वेहून अदिस अबाबा दोन हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे.